घागऱ्याची गाठ

जमिनीच्या नोंदी घ्यायला आलेला कारकून ओट्यावर बसून गूळपाणी घेत होता, तेव्हा सुभद्रा माजघराच्या दाराआड श्वास रोखून उभी होती. ती नुकतीच मागच्या दारानं आत आली होती. पायांना घोट्यापर्यंत चिखल, नखांत माती आणि अंगावर मजुरीण धापूचा जुना लाल घागरा. घोड्याच्या टापा ऐकल्या आणि शेतातून जी पळत सुटली ती इथवर; कपडे बदलायला उसंतच मिळाली नव्हती.

"घरात कोण कोण?" कारकुनानं विचारलं.

"मी आणि सून." पार्वतीबाई उंबऱ्याच्या आत पाटावर बसून, पदर नीट सावरून बोलत होत्या. "थोरला मुलगा चार वर्षांमागं प्लेगात गेला. धाकटा मानाजी धारेला पागेत चाकरीला असतो."

"मग विहिरीकडचं शेत कसतं कोण?"

"मजूर आहेत की."

"सूनबाई लक्ष घालतात?"

आता खरं म्हणजे गप्प राहायची वेळ होती. पण शिलेदाराच्या विधवेला कुणी असला प्रश्न विचारला, की तिचा कणा आपोआप ताठ व्हायचा. पार्वतीबाई हसल्या.

"अहो, आम्ही काय कुणब्याच्या घरातल्या आहोत? पवारांच्या फौजेबरोबर दक्षिणेतून आलेलं घराणं आमचं. माझी सून चार वर्षांत उंबऱ्याबाहेर पडलेली नाही. सूर्यानंसुद्धा तिचं तोंड पाहिलेलं नाही."

कारकुनानं मान डोलावली, बोरू उचलला आणि ते लिहून घेतलं. दाराआड सुभद्राला हसू आलं. सकाळपासून सूर्य तिच्या डोक्यावर निखारे ओतत होता.

ते हसू दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी भाऊकीतले वडीलधारे जयसिंगराव आले आणि पानाचा विडा लावता लावता सहज म्हणाले, "पारूवहिनी, बोललात ते बरं बोललात. घराण्याची शोभा राखलीत. आता जमीन मानाजीच्या नावे व्हायला हरकत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काय! जमिनीचा नवा बंदोबस्त चाललाय ना. चाकरीपोटी मिळालेली जमीन घरचं माणूस जातीनं कसत असेल तर त्याच्याकडे कायम. मजुरांच्या भरवशावर सोडली असेल तर जवळच्या पुरुष वारसाकडे. मानाजीनं अर्ज दिलाय. सूनबाईंना अन्नवस्त्र मिळेल. देवासला भावाकडे राहतील सुखात."

जयसिंगराव विडा चघळत निघून गेले. पार्वतीबाई पाटावरून उठल्याच नाहीत. सुभद्रा आतून बाहेर आली.

"आत्याबाई, हे काय बोलून बसलात?"

"मग काय सांगायचं होतं? माझी सून घागरा नेसून मजुरणींत अफू चिरते म्हणून?"

"तेच सांगायचं होतं."

"जीभ झडली असती माझी," म्हातारी म्हणाली. त्या संध्याकाळी ती जेवली नाही. चूक झाली हे तिला कळलं होतं, पण ते कबूल करणं तिच्या रक्तात नव्हतं.

घागऱ्याची युक्ती मुळात तिचीच. मुलगा गेल्यानंतरच्या पहिल्या फाल्गुनात मजुरांनी अर्धी अफू परस्पर लांबवली. तेव्हा सुभद्रा म्हणाली होती, मी जाते शेतात. पार्वतीबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मजुरीण धापूला मागच्या दारी बोलावून तिचा जुना घागरा, चोळी आणि ओढणी मागून घेतली. मराठ्याची बाई उघड्या तोंडानं रानात दिसली तर गावभर होईल. पण मालवी मजुरीण हनुवटीपर्यंत घूंघट ओढून वाकली, की ती कोण हे तिच्या नवऱ्यालाही कळायचं नाही. अडचण एकच होती. नऊवारी नेसणाऱ्या सुभद्राला घागऱ्याची नाडी बांधता येईना. चार पावलं गेली की गाठ सैल व्हायची. म्हणून रोज पहाटे पार्वतीबाई तिच्यासमोर उकिडव्या बसायच्या आणि दात ओठ खाऊन गाठ आवळायच्या. तोंडानं एक शब्द काढायच्या नाहीत.

गावाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच ठाऊक नव्हतं. तिरल्याच्या वाटेवरचं लहान खेडं ते. तिथं कुणाच्या चुलीवर काय शिजतं तेही लपत नाही. पण सुभद्रा बांधावरून जाताना भाऊकीतली माणसं मान फिरवायची. तो त्यांचा मोठेपणा होता आणि सुभद्राला त्याचा आधार वाटायचा. तोच मोठेपणा एक दिवस आपल्या गळ्याशी येईल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

आणि एक गोष्ट तिनं कधी कुणाला सांगितली नाही. विधवेच्या अंगावर तो विटका लाल रंग चढला की तिला बरं वाटायचं. वाईट वाटायला हवं होतं, पण बरंच वाटायचं.

फाल्गुन उजाडला. पांढरी फुलं झडून हिरवी बोंडं ताठ उभी राहिली. दुपारी तीन टोकांच्या सुरीनं बोंडावर उभे चिरे द्यायचे, रात्रभर दूध पाझरू द्यायचं, सकाळी गोठून तपकिरी झालं की लोखंडी पात्यानं खरवडून वाटीत घ्यायचं. हात चिकट, डोकं जड. वास असा की दुपारपर्यंत पापण्या मिटायला लागतात. आणि हे सगळं उलट पावलांनी. पुढं चाललं तर चिरलेलं बोंड अंगाला घासून दूध कपड्याला लागतं, म्हणून काम झालेली ओळ समोर ठेवत मागं मागं सरकायचं. त्या साली सगळ्यांच्याच जिवाला घोर होता. चीनचं गिऱ्हाईक संपलं, आता मालव्यात अफूच बंद होणार, असं बाजारात बोललं जात होतं. दिल्लीचा मोठा दरबार होऊन वर्ष उलटलं होतं आणि रोज कुठलातरी नवा हुकूम निघत होता.

सुभद्राचं मन त्याहून वेगळ्या ठिकाणी अडकलं होतं. आदल्या आठवड्यात मानाजी येऊन ओट्यावरूनच सांगून गेला होता, "मोजणीवाले येतील. वहिनीसाहेबांनी घरातच राहावं." तेव्हापासून तिला झोप नव्हती. रानात पान हललं तरी ती वळून पाहायची.

त्या दुपारी ती सहा बायकांच्या ओळीत उलटी सरकत होती. शेजारी धापू होती. मागून, बांधाकडून, घरघर ऐकू आली. जात्याची नव्हे, रहाटाचीही नव्हे. सुभद्रानं वळून पाहिलं. तिच्या शेतात, तिच्या बोंडांच्या दोन ओळी तुडवून, तीन पायांवर एक पेटी उभी होती. पेटीला डोळा लावून एक गोरा साहेब दांडी फिरवत होता.

मोजणी!

तिच्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. हातातली सुरी तशीच धरून, घूंघट मागं फेकून ती ताडताड पेटीवर चालून गेली.

"कोण रे तुम्ही? काढा ते! हे शेत माझं आहे! मी निंदलंय, मी पाणी फिरवलंय, चार वर्षं माझे हात सडलेत इथं! मानाजीरावांना म्हणावं, मापं घ्यायची तर माझ्या अंगावरून घ्या!"

"बई, घूंघट! घूंघट!" मागून धापू ओरडत होती.

साहेब थांबला तर नाहीच. त्याचा चेहरा फुलून आला आणि हात आणखी जोरात फिरू लागला. त्याच्याबरोबरचा टोपीवाला माणूस हात जोडत मधे आला.

"अरे बाई, बाई, शांती रखो! मोजणी नहीं है. तस्वीर है, हिलणारी तस्वीर. मैं उमाशंकर, धारेचा. साहेबांचा दुभाषा. साहेब मालव्यातल्या बायकांची तस्वीर काढतात, कशा राहतात, काय काम करतात. गंधवानीच्या भिलणी काढल्या, धारेच्या पाणवठ्यावरच्या काढल्या..." आणि मग तो एकदम थांबला. तिच्याकडे नीट बघत म्हणाला, "पण तुम्ही तर मराठीत बोललात. आप मराठन हैं?"

घरघर थांबली होती. सुभद्रानं घाईनं ओढणी ओढली, पण आता ओढून काय होणार होतं?

"माझं तोंड आलं का त्यात?"

"आलं, बाई."

"कोण बघणार ते?"

"पट्टी मुंबईला जाईल, धुऊन येईल. वैशाखात, आखाती तीजेला, तुमच्या अक्षय तृतीयेला, धारेत तंबू लागेल. सगळे बघतील. बडे बडे लोग."

 सुभद्रा तिथंच बांधावर बसली. "दादा, तुमच्या पाया पडते. माझा तुकडा काढून टाका. घराण्याचं तोंड काळं होईल."

उमाशंकर भला माणूस होता. तिचा आवाज ऐकून त्याला खरंच वाईट वाटलं. "काढायला लावीन," तो म्हणाला. "वचन देता हूँ."

चैत्रात महसूल बघणारे कमाविसदार स्वतः गावच्या चावडीवर आले. बायकांसाठी बाजूला जाजम आडवं बांधलं होतं. जाजमामागून सुभद्रा म्हणाली, "जमीन मी कसते." एवढे तीन शब्द बोलायला तिला आठ दिवस बळ गोळा करावं लागलं होतं.

"साक्षीला कोण?" कमाविसदारांनी विचारलं. त्यांच्या बोलण्यात तुसडेपणा नव्हता.

जयसिंगराव उठले. "साहेब, बाई दुःखात आहेत, म्हणून असं बोलतात. आमच्या घराण्यातली बाई रानात जाईल का? कुणी पाहिलंय कधी?" त्यांनी चावडीवर नजर फिरवली. सगळ्यांच्या माना खाली. वर्षानुवर्षं जपलेला तो मोठेपणा आता एकमुखानं तिच्याविरुद्ध साक्ष देत होता. धापू तेवढी पुढं झाली. "म्हने देखी है, साब. रोज म्हारे साथ काम करे." पण ती मालकिणीचं मीठ खाणारी, तिला शिपायानं हातानंच मागं सारलं. पार्वतीबाईंना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मी बोलायचं ते कारकुनापाशी बोलले." 

"पुरावा असेल तर आणा," कमाविसदार उठता उठता म्हणाले. "आखाती तीज झाली की निकाल देईन."

चावडीबाहेर मानाजी बैलगाडीपाशी आला. तो दुष्ट नव्हता. त्याला आपलं म्हणणं रास्तच वाटत होतं. "वहिनीसाहेब, राग धरू नका. पोटी मूल नाही, दादा नाही. इथं तुमचं काय उरलंय? देवासला थोरल्या पातीच्या संस्थानात तुमचे सख्खे भाऊ आहेत. तिथं जा."

देवास! नवरा गेल्यावर ती तिथं महिनाभर राहून आली होती. भावजयीनं पहिल्याच दिवशी माजघरातला एक कोपरा दाखवून सांगितलं होतं, "धारच्या वन्संचं अंथरूण इथं." जन्म ज्या घरात झाला तिथं ती धारची झाली होती. आणि इथं, लग्नाला चौदा वर्षं झाली तरी, बायका एकमेकींत बोलताना तिला देवासची म्हणत. तिला ना घरची म्हणणारं कुणी, ना दारची. त्या विहिरीकडच्या शेतात मात्र ती कुठलीच नव्हती. तिथं ती फक्त होती.

घरी आल्यावर हातपाय धुताना तिच्या हातातला तांब्या निसटला. पुरावा! पुरावा तर होता. चावडीवरच्या सगळ्या माणसांनी मान फिरवली, एका त्या पेटीनं फिरवली नव्हती. आणि तिनंच, आपल्या तोंडानं, पाया पडून, तो पुसून टाकायला सांगितला होता.

त्या दिवसापासून तिची तगमग सुरू झाली. भाकरी थापताना हात थांबायचे. रात्री उठून अंगणात फेऱ्या मारायची. उमाशंकरला निरोप पाठवावा तर तो मुंबईला गेलेला. आधी तुकडा राहिला असेल म्हणून जीव उडत होता, आता निघाला असेल म्हणून उडू लागला. आणि राहिला असेल तरी काय? सगळ्या धारेसमोर, भाऊकीसमोर, त्या उघड्या तोंडाच्या मजुरणीला मी म्हणायचं. जमीन राहील आणि मान जाईल. एकेका घासाला तिचं मन इकडून तिकडं व्हायचं.

तीजेच्या दिवशी सासू-सुना गाडीत बसून धारेला निघाल्या. ऊन करपवत होतं. गावाची शीव ओलांडली तेव्हा सुभद्रा म्हणाली, "आत्याबाई, आज चित्रात मी दिसले, तर मी बोलणार आहे."

 धार येईपर्यंत पार्वतीबाई समोरच्या बैलांच्या पाठीकडे बघत राहिल्या.

मुंज तलावाकाठी तंबू ठोकला होता. पुढं खुर्च्यांवर अधिकारी, सरदार घराण्यातली माणसं. त्यांत कमाविसदार, जयसिंगराव आणि मानाजी. एका अंगाला बांबूच्या काड्यांच्या चिकाचा पडदा, त्यामागं बायका. दिवेलागण झाली. उमाशंकर पडद्याजवळून जाताना सुभद्रानं त्याला हाक मारली. त्यानं तिला आवाजावरून ओळखलं आणि हलकेच म्हणाला, "फिक्र मत करो, बाई. मी साहेबांना दोनदा सांगितलंय. काढलंच असेल."

 सुभद्राला त्या भल्या माणसाचा असा राग आला की विचारू नका.

दिवे मालवले. पांढऱ्या कापडावर प्रकाश थरथरला आणि बाया दिसू लागल्या. घागरी घेतलेल्या, दळणाऱ्या, हाटात मोहाची फुलं विकणाऱ्या. माणसं ओळखीच्या जागा पाहून ओरडत होती. मग उजळ शेत आलं आणि सहा बायका पाठमोऱ्या सरकत येऊ लागल्या. तंबूत हशा पिकला. "उलट्या चालतात बघा!" सुभद्रा चिकाच्या काड्या दोन्ही मुठींत धरून उभी होती. आता तुटेल, आता तुटेल, असं म्हणत.

तुटलं नाही. साहेबानं दुभाष्याचं ऐकलं नव्हतं. असलं चित्र कोण टाकून देईल? ओळीतली एक बाई वळली. घूंघट मागं गेलं आणि सुभद्राचं तोंड वाढत वाढत सगळं कापड भरून राहिलं. घामानं भिजलेलं, रापलेलं, संतापलेलं. इतकं मोठं तोंड तिनं स्वतःचं कधी पाहिलं नव्हतं. ते तोंड बोलत होतं आणि आवाज येत नव्हता.

तंबू हसून हसून लोळत होता. "काय बाई आहे! काय बडबडते कोण जाणे!" पुढच्या दोन खुर्च्यांवर मात्र कुणीच हसत नव्हतं. मानाजीचा हात मांडीवर तसाच राहिला होता. जयसिंगराव शेजाऱ्याला मोठ्यानं म्हणाले, "असेल कुणी मालवी मजुरीण."

"मजुरीण नाही. मी आहे."

चिक सरकला होता. सुभद्रा पुढं आली. डोक्यावर पदर होता, तोंड उघडं होतं. मागच्या माणसांना आधी वाटलं, कापडावरचीच बाई उतरून आली.

"वहिनीसाहेब, आत व्हा!" मानाजी उठला.

"चार वर्षं आतच होते, भाऊजी. आता राहू द्या." ती कमाविसदारांकडे वळली.  "साहेब, तुम्ही साक्ष मागितली होती. ती बाई काय बोलते ते कुणाला ऐकू येत नाही. मी सांगते."

कमाविसदारांनी क्षणभर तिच्याकडे आणि आता रिकाम्या झालेल्या कापडाकडे पाहिलं. "उमाशंकर, एवढा भाग पुन्हा लाव."

पुन्हा घरघर झाली. पुन्हा शेत, पुन्हा उलट्या चालणाऱ्या बाया. या खेपेला कुणी हसलं नाही. तोंड कापडभर झालं तेव्हा सुभद्रा बोलू लागली. हे शेत माझं आहे. मी निंदलंय. मी पाणी फिरवलंय. चार वर्षं माझे हात सडलेत इथं. काही शब्द ओठांना जुळले, काही मागं पडले. पण तंबूतल्या प्रत्येकाला कळलं की ती बाई दुसरं काही म्हणत नव्हती.

"खोटं आहे," जयसिंगराव म्हणाले, पण त्यात जोर नव्हता. "एका चेहऱ्यासारखा दुसरा असतो. पारूवहिनींनी स्वतः कारकुनाला सांगितलंय, सून उंबऱ्याबाहेर गेली नाही म्हणून. विचारा त्यांना."

कमाविसदारांनी चिकाकडे पाहिलं. "आजी, आपलं काय म्हणणं?"

आत बायकांच्या बांगड्या थांबल्या.  सुभद्रानं मागं वळून पाहिलं नाही. तिला आशा नव्हतीच. मग चिक पुन्हा सरकला आणि साठ वर्षांत चारचौघांत पडद्याबाहेर न आलेली पार्वतीबाई, काठी टेकत, सगळ्यांसमोर उजेडात येऊन उभी राहिली.

"मी खोटं बोलले," ती म्हणाली. "त्या घागऱ्याची गाठ रोज पहाटे मीच बांधून देत होते. तिला बांधता येत नाही."

जमीन सुभद्राकडे कायम झाली. मानाजी पुढं कितीतरी दिवस आला नाही. दसऱ्याला भाऊकीतलं कुणी सोनं द्यायला दारी आलं नाही आणि जयसिंगरावांच्या नातीच्या लग्नाचं बोलावणं शेजारच्या घरापर्यंत येऊन मागं फिरलं. पार्वतीबाई त्या दिवशी खूप रडल्या. सुभद्राही रडली. त्यांनी एकमेकींची समजूत घातली नाही.

त्या साली अफूचा परवाना मिळाला नाही. कार्तिकात हरभरा पेरायचा ठरला. पहाटे सुभद्रा बाहेर निघाली तेव्हा म्हातारी नेहमीसारखी उठून आली, समोर उकिडवी बसली आणि तिची बोटं सवयीनं सुनेच्या कमरेकडे गेली. पण सुभद्रा आपलं नऊवारी नेसली होती, काष्टा घट्ट खोचून. तिथं बांधायला काही नव्हतं. बोटं थोडा वेळ तशीच राहिली.

"थांब," म्हातारी गुडघ्यांवर हात देत उठली. "काठी घेते माझी. कुठवर आहे ते शेत, मी अजून पाहिलेलंच नाही."